पिवळा दिवा आणि एकतीस रकाने

रविवार, ७ सप्टेंबर २०२५. दुपारी १२.४०

झाला प्रकार, क्रमाने:

१. सकाळी ९.१० ला बाबांची गाडी (२०१४ ची, पेट्रोल, चंदेरी) मी राजापेठच्या उड्डाणपुलावर चालवत होते. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला.
२. गाडी चालत राहिली. वेगळा आवाज नाही. धूर नाही.
३. ९.३५ ला घरी आले. बाबांनी चंद्रभानभाऊंना फोन केला. अकरा वर्षं ही गाडी त्यांच्याच हातची आहे.
४. १०.२० ला ते आले. बोनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं, कान दिला.
५. म्हणाले, "एखांदं सेन्सर बोंबलून राहिलं असन. पाहू द्या जरासं." आणि डाव्या बाजूला वाकले.
६. मी विचारलं, "कोणता सेन्सर? कोड काय आला?" ते सरळ उभे राहिले. म्हणाले, "कोड अजून नाई पाह्यला ताई."
७. मी म्हणाले, "मग हा अंदाज झाला. निदान नाही."
८. त्यांनी बोनेट लावलं, हात पुसले, "वकीलसाहेब, येतो मी," म्हणाले आणि गेले.
९. आईने त्यांच्यासाठी टाकलेला चहा मी प्यायले.

सातव्या मुद्द्यात चुकीचं काही नाही. दोनदा वाचून पाहिलं.

त्याच दिवशी, सायं. ६.१५

बाबा दुपारभर गप्प होते. वकिली सोडून तीन वर्षं झाली, तरी गप्प बसले की समोरच्याला तारीख पडल्यासारखं वाटतं. शेवटी म्हणाले, "अकरा वर्षांत तो माणूस या घरातून असा गेला नव्हता."

मी म्हणाले, मी फक्त पद्धतीबद्दल बोलले.

म्हणाले, "बरं. मेकॅनिकला तू घालवलंस. आता मेकॅनिक तू."

पार्श्वभूमी नोंदवून ठेवते. १३ ऑक्टोबरला मला अकोल्याच्या शाखेत रुजू व्हायचं आहे, शाखाप्रमुख म्हणून. आमची कंपनी मोजणारी यंत्रं तपासते: डाळमिलचे काटे, जिनिंगमधले दाबमापक, धान्यातला ओलावा सांगणारी यंत्रं. अकोल्याची गिऱ्हाइकं जिल्हाभर पसरली आहेत. म्हणून अर्जात प्रश्न होता, स्वतःची चारचाकी आहे का? मी 'आहे' लिहिलं. त्या क्षणी गाडी दारात उभी होती. निरीक्षण अचूक होतं.

अडचण एवढीच की मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी गाडी सोडली आणि अंजनगाव सुर्जीच्या मामांनी ती सोहमसाठी मागितली आहे. सोहम माझा मामेभाऊ. तो गाडीला 'माझी जान' म्हणेल. मी म्हणणार नाही. मला गाडी फक्त कामासाठी हवी आहे.

बाबांनी जुन्या लेजर पेपरवर करार लिहिला. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत पिवळा दिवा बंद राहिला तर गाडी देवश्रीची. न राहिल्यास दसऱ्याच्या दिवशी गाडी सोहमची. दोघांच्या सह्या. साक्षीदार म्हणून आई. आईने सही करताना विचारलं, "यात मला कुठे बसवून नेणार ते लिहिलंय का?"

सोमवार, ८ सप्टेंबर

योजना: घरगुती वापरासाठी एक परवडणारा कोड रीडर घ्यायचा. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावला की गाडी आपला दोष स्वतः सांगते. मर्यादा पंधराशे रुपये. निर्णय आज संध्याकाळपर्यंत. अशा कामात माझा हातखंडा आहे.

आई म्हणाली, पितृपक्ष सुरू झाला, आता पंधरा दिवस काही विकत आणायचं नाही. मी सांगितलं, मी असलं काही मानत नाही. आई म्हणाली, "तू नको मानू. कुरिअरवाल्याला दार मी उघडते."

रात्रीपर्यंत निर्णय झाला नाही. पितृपक्षाचा संबंध नाही. माहिती अपुरी होती.

बुधवार, १० सप्टेंबर

तक्ता केला. सहा यंत्रं, बारा रकाने. मुख्य जाती दोन. एक, अंगठ्याएवढं बोंडुक, जे ब्लूटूथने फोनशी बोलतं. स्वस्त. पण त्यांच्यात नकली चिपांचा सुळसुळाट आहे आणि चांगलं ॲप वेगळे पैसे मागतं. दोन, वायरवालं, स्वतःचा छोटा पडदा असलेलं. फोन लागत नाही, सेल लागत नाही, गाडीतूनच वीज घेतं. थोडं महाग.

खरेदीदारांची मतं वाचली. एकाने पाच तारे दिलेत: 'मस्त वस्तू आहे. अजून वापरली नाही.' एकाने एक तारा: 'डब्यात चॉकलेटी टेप होता, मला पारदर्शक पाहिजे होता.' अशा लोकांच्या भरवशावर देश खरेदी करतो.

श्रावणीचा अकोल्याहून फोन. ती तिथल्या शाखेत आहे, १३ ऑक्टोबरपासून माझ्या हाताखाली असेल आणि ही गोष्ट तिने अजून मनावर घेतलेली नाही. म्हणाली, "दोन दिवस झाले, अजून घेतलं नाहीस?" मी रकाने समजावून सांगितले. ती म्हणाली, "देवश्री, लग्नाचं स्थळ बघताना तरी एवढे रकाने कर. सहा मुलं परत पाठवलीस, एकाचाही तक्ता नव्हता."

तिथे तक्त्याची गरजच नव्हती.

रविवार, १४ सप्टेंबर

चौदा यंत्रं, एकतीस रकाने. प्रत्येक रकान्याला वजन. बिघाड झाला त्या क्षणीचा वेग आणि तापमान दाखवतं का: दहा गुण. चालू इंजिनचे आकडे दिसतात का: नऊ. ब्रेकचे आणि एअरबॅगचे कोड वाचतं का: स्वस्तात कोणीच वाचत नाही, म्हणून तो रकाना सगळीकडे शून्य. तरी ठेवला आहे. शून्य हीसुद्धा माहिती असते.

बाबा खांद्यावरून पाहत होते. म्हणाले, "गाडीचं काय म्हणणं आहे?" मी म्हणाले, गाडीचा नंबर यंत्र ठरल्यावर. म्हणाले, "आमच्याकडे काही पक्षकार असे असायचे. वकील निवडता निवडता मुदत संपायची."

शनिवार, २० सप्टेंबर. सकाळी ११

निकाल लागला. पहिला क्रमांक: शिल्लक नाही. दुसरा: अमरावतीला पाठवत नाहीत. तिसरा: ब्लूटूथवालं, नकली निघण्याची शक्यता मी स्वतःच चौतीस टक्के काढली आहे.

सायं. ५.३०

नवव्या क्रमांकाचं मागवलं. वायरवालं, केशरी रंगाचं, पडदा रंगीत. पानावर घड्याळ उलटं धावत होतं, सवलतीची चार मिनिटं उरली होती. नंतर वजनं नव्याने तपासली तेव्हा लक्षात आलं की 'हातात धरायला बरं वाटणं' याला मी विनाकारण एकच गुण दिला होता. तो अकरा केला. आता नववं यंत्र पहिलं येतं. म्हणजे निर्णय बरोबर होता, गणितच जरा मागे राहिलं होतं.

किंमत मर्यादेपेक्षा साडेतीनशेने जास्त. मर्यादा ८ तारखेची होती. तेव्हा माहिती अपुरी होती.

सोमवारी पोचेल. त्या दिवशी घटस्थापना आहे, हा योगायोग. आईला मुद्दाम सांगितलं नाही. आईने मुद्दाम विचारलं नाही. नुसती हसली.

सोमवार, २२ सप्टेंबर. सायं. ७.२०

काय यंत्र आहे! (हे वाक्य खोडणार होते. राहू दे.)

घटाच्या दर्शनाला गल्लीतल्या बायका आल्या होत्या, त्या सगळ्या पोर्चमध्ये जमल्या. शेजारचे देवरावकाका खुर्ची घेऊन आले. मी सॉकेटमध्ये यंत्र लावलं, चावी फिरवली. पडदा उजळला. आई म्हणाली, "अगंबाई, हे तर ईसीजीसारखं आहे."

कोड आला. एकच. पी, आणि पुढे चार आकडे. त्याखाली इंग्रजीत एक ओळ.

मी लगेच 'पुसा' दाबलं. दिवा विझला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. देवरावकाका उठून म्हणाले, "वा रे पोट्टी! एका बोटानं!"

बाबांनी घड्याळ पाहिलं आणि करारावर लिहिलं, 'सायं. ६.५२ पासून बंद.'

कोड नंतर नोंदवते. गर्दी होती.

बुधवार, २४ सप्टेंबर

दोन दिवस दिवा बंद. गाडी माझी झाल्यात जमा आहे. अकोल्यात पार्किंग असलेली खोली बघायला श्रावणीला सांगितलं. तिने विचारलं, दोष काय होता? मी म्हणाले, इलेक्ट्रॉनिक. ती म्हणाली, "म्हणजे?" मी म्हणाले, आता नाही ना, मग म्हणजे काय कशाला.

गुरुवार, २५ सप्टेंबर

सायं. ६.१०, बडनेरा रोड, खड्डा, दिवा परत.

घाबरण्याचं कारण नाही. यंत्र पिशवीत होतंच. घराच्या दोन वळणं आधी, दूध डेअरीजवळ गाडी थांबवली. लावलं, दाबलं, विझला. चाळीस सेकंद. ६.४० ला दारात. बाबांनी रोजच्यासारखं वाकून डॅशबोर्ड पाहिला आणि करारावर खूण केली.

ही लबाडी नाही. ही देखभाल आहे. दात रोज घासावे लागतात, म्हणून दात खराब आहेत असं कोणी म्हणत नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

देखभाल: सकाळी एकदा, संध्याकाळी दोनदा. डेअरीवाला आता मला पाहून अर्धा लिटर काढून ठेवतो. घरात दूध फार झालं आहे. आई रोज खीर करते आणि बाबा म्हणतात, "नवरात्र यंदा जोरात दिसतं."

शनिवार, २७ सप्टेंबर

सुट्टी. सकाळपासून पोर्चमध्ये रांग.

समोरच्या साधनाताईंची गाडी तपासली. कोड नाही. त्यांना पटलं नाही. म्हणाल्या, "नीट बघ गं, काहीतरी निघेलच. मला आतून वाटतंय." परत लावलं. कोड नाही. त्या इतक्या खट्टू झाल्या की शेवटी मी बॅटरीचा आकडा वाचून दाखवला, बारा पूर्णांक चार. "बघ!" म्हणाल्या आणि समाधानाने गेल्या.

देवरावकाका जीप घेऊन आले. १९९८ ची डिझेल. म्हणाले, "आता हिले लाव." मी सांगितलं, काका, हिला सॉकेटच नाही. म्हणाले, "मंग पाडू ना एखांदं, ड्रिल हाये माह्यापाशी." मी सांगितलं, आत बोलणारं कोणी नाही, यंत्र कोणाशी बोलेल? ते म्हणाले, "हे सत्तावीस वर्सं बोलूनच राहिली माह्याशी. तुह्या मशीनलेच आयकू येत नसन."

दुपारपर्यंत सात गाड्या. तिघींनी माझा नंबर 'देवश्री गाडी डॉक्टर' असा सेव्ह केला. मला हुरळून जायची सवय नाही. तरी संध्याकाळी अकोल्याच्या शाखेसाठी एक प्रस्ताव लिहून काढला: गिऱ्हाइकांची वाहनंही तपासावीत. नऊ पानं झाली.

आपली गाडी त्या सात गाड्यांत धरलेली नाही. तिची देखभाल वेगळी चालू आहे.

रविवार, २८ सप्टेंबर

शोध लागला: गाडी चालवलीच नाही तर दिवा लागत नाही. आज दिवसभर उभी ठेवली. शंभर टक्के यश. याला नियंत्रित चाचणी म्हणतात.

आई म्हणाली, अंबादेवीला जायचंय, काढ गाडी. मी म्हणाले, आज नको, बुधवारी नेते. ती रिक्षाने गेली.

मंगळवार, ३० सप्टेंबर. सायं. ७

नऊ दिवस पूर्ण! पेढे आणले. करार टेबलावर ठेवला, चावी मागितली.

बाबांनी चष्मा लावला. म्हणाले, "नऊ दिवस कुठे लिहिलंय?" मी म्हणाले, नवरात्र म्हणजे नऊ. म्हणाले, "यंदा एक तिथी वाढली आहे. नवमी उद्या, दसरा परवा. करारात 'दसऱ्यापर्यंत' असा शब्द आहे." आणि पेढा घेतला.

पंचांगालाही फरकाची एक मर्यादा असावी. आमच्या लॅबमध्ये नवात एक जास्त आला तर यंत्र नापास करतात.

हरकत नाही. एकच दिवस. गाडी पोर्चमध्ये, यंत्र पिशवीत. उद्या काही होऊ शकत नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर. सकाळी ८.१५

यंत्र पिशवीत नाही.

सकाळी ८.३०

यंत्र देवघरात आहे. खंडेनवमी. आईने पाटावर विळी, कात्री, बाबांचं शाईचं पेन, शिवणयंत्राचा डबा आणि मधोमध माझा कोड रीडर मांडला आहे. त्यावर हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. पळीने पाणीही शिंपडलेलं दिसतं. आईने सगळं मनापासून केलं आहे. म्हणाली, "गल्लीत एवढं नाव काढलं त्याने, आज त्याचा मान. उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

मी म्हणाले, मला लागणार आहे. म्हणाली, "आज अवजारांची सुट्टी. तुझ्या ऑफिसला नसते का सुट्टी?"

बाबा दारात उभे होते. म्हणाले, "चला, अंबादेवीला बुधवारी नेणार होतीस ना?"

दुपारी १.००

दिवा १०.४२ ला लागला. राजकमल चौकाच्या अलीकडे. बाबा शेजारच्या सीटवर होते. माझ्या आधी त्यांनी पाहिला. परत येईपर्यंत आई मागे बसून देवीचा प्रसाद वाटत होती, दोघांना, तीनदा.

घरी आल्यावर उलटतपासणी. जशीच्या तशी लिहिते.

"हा नवा दिवा की जुना?"
जुना.
"मधल्या काळात किती वेळा लागला?"
सतरा वेळा.
"म्हणजे मोजलंस. आणि सतरा वेळा पुसलास?"
हो.
"पुसण्याआधी यंत्र कोड दाखवतं?"
हो.
"काय कोड आहे?"

मी चावी टेबलावर ठेवली.

"तक्त्यात एकतीस रकाने होते," बाबा म्हणाले. "त्यात हा नव्हता?"

आई म्हणाली, "अहो, जेवू द्या तिला." बाबा म्हणाले, "साक्षीदाराने मध्ये बोलू नये." पण ताट त्यांनीच वाढलं माझं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

सकाळी यंत्र पाटावरून उचललं. लावलं. पडदा उजळला नाही. सोळा पिनांपैकी अकरांत ओलं कुंकू. लॅबमधला क्लीनर मारला, ब्रशने काढलं, वाळवलं. पडद्यावर एक रेघ आली आणि गेली. यंत्राचं वय दहा दिवस.

आईला सांगितलं नाही. सांगणारही नाही.

दुपारी मामा आणि सोहम अंजनगावहून आले. सोहमने नवा शर्ट घातला होता. चावी घेतली, गाडीत बसला, सुरू केली, आणि खाली उतरला. म्हणाला, "आत्या, हा पिवळा दिवा काहून लागून राहिला?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी आपट्याची पानं वाटू लागले.

सोहम म्हणाला, "चंद्रभानभाऊले दाखवली का? नाई? मंग राहू द्या बाप्पा. त्यायनं हो म्हनल्याबिगर म्या नाई नेत. आमचे हे बाबूजी रोज विचारतीन, दिवा कायचा, दिवा कायचा." आणि भजी खाऊन एसटीने गेला.

एकूण स्थिती: मी हरले आणि सोहम जिंकला नाही. मला हे फारच आशादायक वाटलं. बाबांना तसं सांगितलं. त्यांनी करार हातात घेतला, खाली एक ओळ वाढवली: 'मला आता दिव्याचं काही नको. चंद्रभानचा शब्द पाहिजे. तो शब्द जो आणेल त्याची गाडी.'

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

नवी योजना: चंद्रभानभाऊंना तांत्रिक पातळीवर भेटायचं. बरोबरीच्या नात्याने. ते 'हो' म्हणतील, कारण मी मुद्देसूद बोलेन. अंदाजे वेळ: वीस मिनिटं.

शनिवार, ४ ऑक्टोबर. दुपारी ३.३०

त्यांचं गॅरेज जुन्या बायपासवर आहे. मी बसने गेले. पहिली गोष्ट दिसली ती भिंतीवरच्या फळीवर: लॅपटॉपला जोडलेला स्कॅनर. माझ्या तक्त्यातल्या सगळ्यांत महाग यंत्राच्या कितीतरी पुढचा. वर स्वच्छ पंचा झाकलेला. त्यावर झेंडूचं एक फूल. कोरडं.

मी विचारलं, हा कधी घेतला? म्हणाले, "झाले पाच-सहा वर्सं." मी विचारलं, मग त्या दिवशी का नाही आणला? म्हणाले, "आनतच होतो ना ताई, डिक्कीत होता. आधी डोयानं पाहून घ्या लागते. मशीन थकते, डोये फुकट असतात."

पत्नी सुभद्राबाई आतून म्हणाल्या, "वकीलसाहेबाची पोरगी व्हय का? बसा ना, उभ्या काहून?" मी उभीच राहिले. मुद्दे पाठ केले होते, ते बसल्यावर विसरले असते.

पहिला मुद्दा बोलले. दुसरा बोलले. ते एका स्कूटरचा क्लच खोलत ऐकत होते. तिसऱ्याला म्हणाले, "तुमाले गाडी कायले पाह्यजे?"

मी सांगितलं, १३ तारखेला अकोला. शाखा, गिऱ्हाइकं, अर्ज. ते म्हणाले, "म्हंजे हायवेनं रोज, एकट्या." मी म्हणाले, हो. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"पाहा ताई. गाडीले हो म्हननं म्हंजे तुमाले हो म्हननं हाये. मूर्तिजापूरच्या पुढं बंद पडली त म्या नाई येत तिथं. काय काय हात लावला, थे सगळं लिहून धाडा मले. बोलून नोका सांगू, बोलताना मानूस वकील होते. लिहा. पयल्यापासून."

मी म्हणाले, ७ सप्टेंबरपासून सगळ्या नोंदी आहेत, वेळेसकट.

ते म्हणाले, "पयल्यापासून म्हनलं म्या."

आणि क्लच खोलू लागले.

रविवार, ५ ऑक्टोबर

अहवालाचा पहिला मसुदा: अकरा पानं, दोन आलेख. श्रावणीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. गाडी कुठे आहे यात?" दुसरा मसुदा: चार पानं. ती म्हणाली, "तू प्रत्येक वाक्यात बरोबर आहेस. मग दिवा का लागतोय?"

मी फोन ठेवला. तिला १३ तारखेपासून मी कामाच्या वेळेतच फोन करणार आहे.

सोमवार, ६ ऑक्टोबर

तिसरा मसुदा. अर्धं पान. पाठवला नाही.

ऑफिसमध्ये आज एका डाळमिलचा काटा तपासायला आला. मालक म्हणाला, आम्ही काही हात लावला नाही मॅडम, आपोआप बिघडला. आत बघितलं तर स्क्रूवर ताजे ओरखडे. मी त्याला म्हणाले, काटे आपोआप बिघडत नाहीत. अगदी शांतपणे म्हणाले. तो खाली बघत बसला. नंतर बराच वेळ मीही काट्याकडेच बघत बसले.

मंगळवार, ७ ऑक्टोबर. सायं. ६.४५

पाठवला. जसा पाठवला तसा इथे उतरवून ठेवते, कारण यातलं बरंच इथेही कधी लिहिलं नव्हतं.

चंद्रभानभाऊ,
नमस्कार. ६ सप्टेंबरला, म्हणजे दिवा लागण्याच्या आदल्या दिवशी, मी एअर फिल्टर व्हिडिओ बघून स्वतः बदलला. फिल्टरच्या डब्याजवळ हवेच्या तापमानाच्या सेन्सरची वायर आहे, ती काढताना जोडाची खिट्टी माझ्या हातून तुटली. मी जोड तसाच दाबून बसवला आणि शिवणाच्या दोऱ्याने बांधला. बाबांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच बाजूला वाकलात, म्हणून मी तुम्हाला मध्येच अडवलं. पद्धतीचा काही प्रश्न नव्हता. २२ सप्टेंबरला यंत्रावर जो कोड आला तो त्याच सेन्सरचा होता. मी तो वाचला, ओळखला आणि पुसला. नंतर अजून सोळा वेळा पुसला. दोरा आधी पांढरा होता, आता काळा आहे, बाकी काही हलवलेलं नाही.
गाडी तुमच्याकडे कधी आणू? सोमवारी मला अकोल्याला रुजू व्हायचं आहे, म्हणून शनिवार, ११ ऑक्टोबरपर्यंत उत्तर द्यावं ही विनंती.
देवश्री